बेपत्ता बेडकांचं गणित

आमची ताई बेडकांचं गणित करते. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे नक्की काय करते? मी स्वतः कवळ्या बनवते. माझ्या कामाबद्दल कुणाला शंका येत नाही. दात पडले की कवळी लागते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ताईला मात्र जाईल तिथे आपलं काम समजावून सांगावं लागलं आणि तेही बिचारीने दरवेळी पहिल्यापासून, न कंटाळता सांगितलं. मी असते तर पहिल्या वर्षातच हात टेकले असते.

ती उंच आहे, जरा पोक काढून चालते आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता खांद्याकडे बघते, त्यामुळे नवा माणूस उगाच आपला खांदा झटकत राहतो. जेवताना विचारात पडली की भाजीत दोनदा मीठ घालते आणि ती खारट भाजी निमूटपणे संपवते. लग्न केलं नाही. का, असं विचारलेलं तिला आवडत नाही, म्हणून मीही ते इथे लिहीत नाही.

विद्यापीठात तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला तिची खोली आहे. एक टेबल, एक संगणक, दोन खुर्च्या, त्यातली एक कायम कागदांनी अडवलेली. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. आणि एक अख्खी भिंत भरून बेडकांच्या पोटांचे फोटो. या जातीच्या बेडकांचं पोट पिवळं असतं आणि त्यावर काळे डाग असतात. एकाचे डाग दुसऱ्यासारखे नसतात. बेडूक पकडायचा, उताणा करायचा, फोटो काढायचा आणि होता तिथे सोडायचा. पुढे कधी तोच हाती लागला की पोटावरून ओळख पटते. पहिल्यांदा ती भिंत बघितली तेव्हा मी म्हटलं, ताई, लोक भिंतीवर डोंगर लावतात, समुद्र लावतात, तू पोटं लावलीस. ती म्हणाली, समुद्र दरवर्षी मोजावा लागत नाही.

हे बेडूक राहतात शहराबाहेरच्या तळ्यांत. पूर्वी तिथे वीटभट्ट्या होत्या. माती काढून काढून खड्डे पडले, भट्ट्या बंद झाल्या, खड्ड्यांत पाणी साचलं आणि तळी तयार झाली. मधून ट्रकांचा रस्ता जातो. रस्त्याच्या वरच्या अंगाची तळी चांगली, खोल, सावलीची. खालच्या अंगाची उथळ, लव्हाळ्यांनी भरलेली, उन्हात आटणारी. वरच्या तळ्यांत पिल्लं भरपूर होतात. खालच्या तळ्यांत होतात त्यापेक्षा मरतात जास्त. तरीही खाली बेडूक असतात, कारण वरून कोणी ना कोणी येत राहतं. दरवर्षी थोडी तरणी पोरं जन्माचं तळं सोडून निघतात आणि दुसरं तळं शोधतात. हे निघणं, हाच ताईचा आयुष्यभराचा विषय. किती निघतात, किती पोचतात, आणि या जा-येमुळे तळी जगतात की ओस पडतात.

मला वाटायचं, यात गणित कसलं? जितकी जा-ये जास्त तितकं बरं. ताईने ते एकदा जेवणाच्या टेबलावर खोटं करून दाखवलं. माझ्या कार्यशाळेत रंग न जुळलेले दात टाकून द्यावे लागतात, ते मी डबाभर घरी आणले होते. ताईने बशा मांडल्या, त्या तळी. दात म्हणजे बेडूक. फासा टाकायचा आणि त्याप्रमाणे बशीतले दात वाढवायचे, काढायचे, इकडून तिकडे न्यायचे. दादाची बायको, आमची वहिनी, फासा टाकायला बसली. जा-ये अजिबात ठेवली नाही, तेव्हा एकेका बशीवर वाईट दिवस आले आणि एकेक बशी रिकामी झाली ती झालीच, भरायला कोणी येईना. जा-ये फार वाढवली, तेव्हा चांगली बशी सगळ्या भिकार बशांना दात पुरवता पुरवता स्वतःच संपली. मधेच कुठेतरी अशी जागा सापडली की खेळ चालत राहिला. "ती मधली जागा शोधायचा मला पगार मिळतो," ताई म्हणाली. आई तेवढ्यात ताटं घेऊन आली आणि जेवायच्या टेबलावर माणसांचे दात मांडलेले बघून तिने कपाळाला हात लावला. माणसांचे नाहीत गं, प्लास्टिकचे आहेत, असं मी सांगून बघितलं, पण त्या दिवशी आई टेबलाशी बसली नाही.

आता दादाबद्दल लिहायला हवं, कारण त्याच्याशिवाय ताईचं काहीच कळणार नाही.

दादा आमच्यात थोरला. बाबा लवकर वारले, त्यामुळे आम्हा दोघी बहिणींचं शिक्षण त्याने ओढलं. वेल्डर होता. लग्न झालं आणि वर्षभरात तो लांबच्या एका बंदरावर जहाजं दुरुस्त करायच्या कामाला लागला. राहायला जागा मिळाली की वहिनीला नेतो म्हणाला. दर रविवारी त्याचा फोन यायचा. मग एका रविवारी आला नाही, आणि पुढे कधीच आला नाही. बंदरावर चौकशी केली तर म्हणाले, तो इथलं काम सोडून दुसऱ्या बंदरावर निघाला. दुसऱ्या बंदरावर म्हणाले, असा कोणी आमच्याकडे आलाच नाही. पोलिसांत दिलं, वर्तमानपत्रात दिलं. काही नाही. मग शेजारच्या काकू कुठल्याशा प्रवासाहून आल्या आणि म्हणाल्या, तिथल्या बाजारात अगदी तुमच्या मुलासारखा एक जण पाहिला, पाठमोरा होता, हाक मारेपर्यंत गर्दीत मिसळला. त्या पाठमोऱ्या माणसावर आमच्या आईने पुढची सगळी वर्षं काढली.

तेव्हापासून आमच्या घराचा एक रिवाज आहे. घरात माणसं किती, असं कोणीही विचारलं, नळाचं मीटर वाचणाऱ्याने विचारलं, जनगणनेवाल्याने विचारलं, की उत्तर एकच: पाच. राहतो आम्ही चौघी. आई, ताई, वहिनी आणि मी. वहिनीला कोणी विचारलं, तुमचे मिस्टर? तर तिने म्हणायचं, ते बाहेरगावी असतात. मला या सगळ्याचा संताप यायचा. एकदा मी मीटरवाल्यासमोर चार म्हणून मोकळी झाले, तर आई माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही, आणि ताईने मला बाजूला घेऊन सांगितलं की आईचा तेवढाच आधार आहे, तो काढून घेऊ नकोस.

आईच्या त्या आधाराला टेकू लागायचा, आणि तो टेकू होता ताई. आईला वाटतं, गणित शिकलेल्या माणसाला पुढचं दिसतं. दर काही महिन्यांनी, वाटाणे सोलता सोलता किंवा कपड्यांच्या घड्या घालता घालता ती अगदी सहज विचारल्यासारखं विचारायची, "तू गणितवाली ना. सांग, असेल ना तो कुठेतरी?" आणि ताई खांद्याकडे बघून म्हणायची, "शक्यता शून्य नाही, आई." हे खरंच होतं. खोटं तिच्या तोंडून निघत नाही. आईला तेवढं पुरायचं, आणि ती पुढचा वाटाणा सोलायची.

पण या सगळ्याची झळ ज्या माणसाला लागत होती, त्या माणसाला आमच्यापैकी कोणीही काही विचारत नव्हतं. वहिनी चष्म्याच्या दुकानात काम करते. भिंगं घासून फ्रेममध्ये बसवते. हात इतका स्थिर की दुकानाचा मालक म्हणतो, हिच्या हातून काच तडकलेली मी पाहिली नाही. या मालकाने दुसऱ्या गावात दुकान काढायचं ठरवलं आणि ते वहिनीने चालवावं असं त्याच्या मनात होतं. कोणाला वेगळं काही सुचायच्या आत सांगते, मालक सत्तरीचा आहे, घरात दोन सुना आहेत आणि त्याला फक्त आपली काच नीट घासली जावी एवढंच हवं असतं. वर राहायची जागा, खाली दुकान, आणि सगळा कारभार तिच्या हाती. वहिनीला ते किती हवं होतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. पण आई म्हणाली, तो आला आणि तू घरात नसलीस तर? वहिनीने नाही म्हणून कळवलं. मालकाने जागा रिकामी ठेवली आणि काही दिवसांनी पुन्हा विचारलं. या खेपेला तो म्हणाला, वर्ष संपायच्या आत सांगा, नंतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.

त्याच सुमारास ताईच्या बेडकांवरही वेळ आली. भट्ट्यांमधला रस्ता रुंद करायचा ठरला. रस्ते खात्याने विद्यापीठाला विचारलं की प्राण्यांना ये-जा करायला रस्त्याखालून बोगदे ठेवायची गरज आहे का. बोगदे म्हणजे काही मोठं नव्हे, बेडूक सरकेल एवढा सिमेंटचा पाइप. पण खात्याला तेवढंही जड होतं. ताईने आपलं गणित चालवून अहवाल दिला की वरच्या तळ्यांतले पुष्कळ बेडूक आजही रस्ता ओलांडून खाली पोचतात, रस्ता रुंद झाला तरी पुरेसे पोचत राहतील. खात्याला हेच ऐकायचं होतं. पाइप आराखड्यातून काढून टाकले गेले आणि काम सुरू झालं.

इथे तिच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. वरच्या तळ्यात एखाद्या पोटाचा फोटो घेतला आणि ते पोट पुन्हा कधीच दिसलं नाही, तर त्या बेडकाचं काय झालं? तो मेला असेल किंवा तळं सोडून दुसरीकडे निघाला असेल. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. जुनी पद्धत अशी की दिसेनासा झाला तो मेला असं धरायचं. ताईने तरुणपणी या पद्धतीला विरोध केला. जे निघाले त्यांना तुम्ही उगाच मारून टाकता, असं तिने लिहिलं, आणि बेपत्तांपैकी किती जण जिवंत आणि दुसरीकडे असावेत, हे काढायची रीत बसवली. रस्ता ओलांडून खालच्या तळ्यात सापडलेले मोजके बेडूक हा तिचा पुरावा होता. काही सापडले म्हणजे बरेच पोचले असणार, खाली लव्हाळ्यांत पकडणं अवघड म्हणून दिसत नाहीत इतकंच. तिच्या नावाला जो काही मान होता तो या रीतीचा. परदेशी लोकही ती वापरत.

मग ताई पावसानंतर मोजणीला गेली तर खालच्या दोन तळ्यांत एकही बेडूक ओरडेना. तिच्या गणिताप्रमाणे ती तळी भरलेली असायला हवी होती. रस्त्याचं काम निघाल्यापासून ट्रक वाढले होते, पण तेवढ्याने इतकं व्हायला नको होतं. ताई घरी आली ती चिखलाच्या बुटांसकट आत आली, आणि आई ओरडली तेही तिला ऐकू गेलं नाही.

तिच्या धंद्यात गणिताची परीक्षा घ्यायची एक पद्धत आहे. संगणकात खोटे बेडूक बनवायचे. त्यातला कोण मेला, कोण पोचला, हे आपल्यालाच ठाऊक असतं, कारण आपणच ठरवलेलं असतं. मग त्या खोट्या बेडकांचे फोटो जसे काढले असते तशी माहिती आपल्या गणिताला द्यायची आणि ते खरं उत्तर ओळखतं का बघायचं. ताईने ही परीक्षा पूर्वी पुष्कळदा घेतली होती. निम्मे पोचतात असे बेडूक बनवून, बरेच पोचतात असे बनवून. दरवेळी गणित पास. या वेळी तिने नवे बेडूक बनवले. मोजके काही सोडले तर निघालेला प्रत्येक जण रस्त्यावर चिरडला जातो, असे. आणि तिचं गणित म्हणालं, बहुतेक सगळे पलीकडे सुखरूप आहेत. तिने पुन्हा चालवून बघितलं. आकडे बदलले, उत्तर तेच. मेलेल्यांना ते ओळखतच नव्हतं.

हे तिने मला सांगितलं ते रस्ते खात्याच्या कचेरीतून परत येताना, बसथांब्यावरच्या बाकावर बसून. मी मुद्दाम सुट्टी टाकून तिच्याबरोबर गेले होते, कारण आदल्या दिवशी तिला धड जेवता येत नव्हतं. कचेरीत तिने उभं राहून आपलाच अहवाल चुकीचा आहे असं सांगितलं. ते पाइप घाला, मी चुकले, असं सरळ शब्दांत. साहेब म्हणाला, बाई, तुम्हीच तर सही करून दिलंत, आता आम्ही कोणत्या बाईंवर विश्वास ठेवायचा? कोणीतरी फिसकन हसलं. माझ्या हातात तेव्हा कवळीचा साचा असता तर मी तो कुणाच्या तरी तोंडात कोंबला असता. ताईने ऐकून घेतलं, पुन्हा पहिल्यापासून समजावलं आणि न हलता उभी राहिली. शेवटी मागितलेल्या पाइपांपैकी निम्मे मिळाले. निम्म्यांवर तळी तरतील का, हे आजही तिला ठाऊक नाही.

बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "सगळे मेले असले तर, हे मी कधी करूनच पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. दुसऱ्या कोणीही ते पहिल्या दिवशी केलं असतं."

मी म्हटलं, होतं असं, माणूस चुकतो.

"माणूस नाही. मी. मला ते बघवतच नव्हतं." तिने बुटाला लागलेला चिखल खालच्या फरशीवर घासला. "मी त्यांना मारायला तयार नव्हते, आणि म्हणून खालचे मेले."

ती बेडकांबद्दलच बोलत नव्हती, हे मला कळलं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं. बस आली. आम्ही उभ्याने घरापर्यंत आलो. मी वाटभर मनात म्हणत होते की आता ती बोलेल, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. इतकी वर्षं मीच चिडत आले होते, पण ते प्रत्यक्ष बोललं जाणार म्हटल्यावर मलाच ते नको झालं.

ती लगेच बोलली नाही. वर्ष संपत आलं. वहिनीने मालकाला पुन्हा नाही सांगायचं ठरवलं होतं, आणि कोणी काही न विचारता ते ठरून गेल्यासारखं झालं होतं. मग एका सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही चौघी टेबलाशी होतो. आई वाटाणे सोलत होती, मी तिला मदत करत होते, वहिनी फ्रेमचे बारीक स्क्रू एका वाटीत निवडत होती, ताई नुसतीच बसली होती. आणि आईने विचारलं. तिच्या नेहमीच्या आवाजात, मान वर न करता. असेल ना गं तो कुठेतरी?

मी ताईकडे बघितलं. ती या वेळी आईच्या डोळ्यांकडे बघत होती.

"शक्यता शून्य नाही," ती म्हणाली. "ती कधीच शून्य होणार नाही, आई. मी ऐंशी वर्षांची झाले तरी नाही. पण मी त्याला मेलेला धरते. आजपासून मी तसं धरून चालणार आहे."

आईचा हात थांबला. मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "तुझ्यासाठी त्याने रात्रपाळ्या केल्या. फी भरली तुझी. आणि तू त्याला मारतेस?"

ताई मागे हटली नाही. तिने सांगितलं की तो तिला बापाच्या जागी होता, आणि म्हणूनच इतकी वर्षं तिच्याने हे झालं नाही. आपण त्याला जिवंत धरलं, ते त्याच्या काही कामाचं नव्हतं. ते आपल्यासाठी होतं. आणि त्याची भरपाई वहिनी करत होती, तिचं वय, तिचं काम, तिचे दिवस देऊन. आई उठली. मांडीवरची सालं जमिनीवर सांडली. ती आतल्या खोलीत निघून गेली आणि दार लावून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आम्हा तिघींनी ऐकला.

वहिनी स्क्रू निवडतच होती. एक स्क्रू तिच्या हातून निसटला आणि टेबलावर घरंगळत गेला. ताई तिला म्हणाली की मला क्षमा कर, मी हे केव्हाच बोलायला हवं होतं.

"मला केव्हाच कळलं होतं, ताई," वहिनी म्हणाली. "ते दुसऱ्या बंदरावर पोचलेच नाहीत असा निरोप आला तेव्हाच. पण या घरात मी एकटीनेच ते कसं धरायचं? मी बाहेरून आलेली. तुम्ही त्यांच्या रक्ताच्या. तुम्ही पाच म्हणत होता. मी चार म्हटलं असतं तर मीच त्यांना मारल्यासारखं झालं असतं."

मग ती रडली. मी तिला इतक्या वर्षांत रडताना बघितलं नव्हतं, आणि मला लाज वाटली की हे आपल्याला कधी खटकलं कसं नाही. नवरा हरवलेली बाई रडत नाही, तेव्हा ती कुणाच्या तरी परवानगीची वाट बघत असते, एवढं तरी आम्हाला कळायला हवं होतं. ताई उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. मी खाली बसून सालं गोळा केली.

वहिनीने मालकाला हो कळवलं. तिच्या निघण्यापर्यंतचे दिवस अवघड होते. आई ताईशी बोलत नव्हती. तिला काही हवं असलं की ती मला सांगायची आणि मी ते ताईला सांगायचे, एकाच खोलीत, दोन हातांच्या अंतरावर. ताई ते सगळं सोसत होती. मोजणीला जायची, उरलेल्या तळ्यांवर कान देऊन यायची आणि आपल्या रीतीत कुठे चूक आहे हे लिहायला घेतलेलं ते पुढे लिहायची. ज्या रीतीने तिला नाव दिलं ती वापरू नका, असं ती स्वतःच जगाला सांगणार होती. मी विचारलं, तुझं काय उरेल मग? ती म्हणाली, पगार उरेल, आणि बेडूक.

निघायच्या दिवशी वहिनीच्या दोन पेट्या आणि काचा घासायच्या हत्यारांची एक पिशवी दारात ठेवली होती. आम्हाला वाटलं आई बाहेर येणार नाही. पण रिक्षा आली तेव्हा ती आली. साडी बदलली होती, केस विंचरले होते. तिने वहिनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला. वहिनी वाकली, तर आईने तिला मधेच धरलं.

"पोचलीस की कळव," आई म्हणाली. एवढंच.

संध्याकाळी आई फोनजवळच्या स्टुलावर जाऊन बसली. आम्ही दिवे लावले, भात लावला, ती उठली नाही. मी म्हटलं, आई, रस्ता लांबचा आहे, उशीर होईल. ती म्हणाली, बसू दे मला. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ना आत ना बाहेर. मग फोन वाजला आणि आईने तो पहिल्याच घंटीला उचलला. पलीकडून वहिनीचा आवाज आम्हाला दारापर्यंत ऐकू येत होता. पोचले, आई. खोली चांगली आहे. खिडकी मोठी आहे. मालकांनी टेबल आधीच लावून ठेवलंय. उद्या दुकान उघडते. आई हूं हूं करत होती, जेवलीस का म्हणून विचारत होती, दाराला कडी आहे ना म्हणून विचारत होती. मग तिने फोन ठेवला.

ठेवल्यावर हात त्यावरच राहिला. तिचे खांदे हलायला लागले. ताई पुढे झाली, पण जवळ जायचं धाडस तिला होईना. आईनेच हात मागे करून तिचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"तो पोचला असता," आई म्हणाली, "तर त्याने कळवलं असतं गं. तो कळवल्याशिवाय राहणारा नव्हता."